टॉलिव्हर रस्त्यावरचा कचरा

सोमवार, ८ सप्टेंबर

पुन्हा तेच! तळलेल्या कोंबडीचे डबे, हाडांसकट, माझ्या फाटकापाशी फेकलेले. गाडीत बसून खाल्लं, काच खाली केली, दिलं सोडून. जणू ओरेथा पेटवे इथे सगळ्यांचं उष्टं काढायलाच बसलीय! सकाळी शाळेची बस काढायच्या आधी सगळं झाडलं. दुपारी पोरांना सोडून परत येते तर तितकंच. चिप्सच्या पिशव्या, बिअरचे डबे, एक डायपर. डायपर! भर रस्त्यात!

आणि समोरचं ते पिवळं घर. दारात काळ्या पिशव्यांचा ढीग, कुत्र्यांनी फाडलेला. केनयेटा राहते तिथे, भाड्याने. तीन पोरं, नवरा नाही, कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. तिन्ही पोरं माझ्याच बसला आहेत. आज धाकटी झुरी उतरता उतरता चॉकलेटचा कागद टाकते — माझ्या डोळ्यांदेखत! मी ओरडले, "उचल तो!" उचलला. आणि मान वर करून विचारते, "कुठे टाकू, मिस ओरेथा?"

एवढीशी पोर, आणि उलट प्रश्न!

आमची आई मातीचं अंगण झाडायची. गवताचं एक पातं राहू द्यायची नाही. झाडून झालं की मातीवर खराट्याच्या रेघा उमटायच्या, त्यावर पाय टाकला की पाठीत धपाटा. आम्ही गरीब होतो. गलिच्छ नव्हतो.

बुधवार, १० सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत, जिथे जळालेलं किराण्याचं दुकान होतं, आज आणखी टायर. छपराचे उचकटलेले तुकडे, खिळ्यांसकट. एक संडासाचं भांडं. आम्ही सगळे कामावर गेलो की ट्रक येतात म्हणे. नगरपालिकेच्या ऑफिसला फोन केला. तीच बाई, तोच गोड आवाज — "तक्रार नोंदवली, मॅडम." माझा नवरा ॲल्विन जिवंत होता तेव्हापासून नोंदवताहेत!

सीफस आला होता. भाऊ माझा, रेल्वेतून निवृत्त. आला की ओट्यावर बसून डॉमिनोचा डाव मांडतो आणि मला अक्कल शिकवतो.

"अगं, रुळांपलीकडे जाऊन बघ. गोऱ्यांच्या वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याची टाकी आहे, आठवड्यातून दोनदा गाडी. इथे एक टाकी आहे, दारूच्या दुकानाबाहेर, तीही साखळीने बांधलेली."

"म्हणून रस्त्यावर टाकायचं?"

"मी कुठे म्हटलं तसं?"

"मग त्यांची वकिली कशाला करतोस? डायपर काय नगरपालिकेने टाकला?"

"आणि टायर काय केनयेटाने टाकले?"

डाव उधळून लावला मी त्याचा. खरंच उधळला. सोंगट्या वेचत बसला होता बिचारा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

बसच्या चाकात खिळा. छपराचाच.

रविवार, १४ सप्टेंबर

रेव्हरंड स्टॉलवर्थ आज बरोब्बर बोलले. "तुमच्या दारातला कागद उचलायला सरकारने यायचं का? आपल्या वाडवडिलांनी या मातीत रक्त आटवलं, ते आपण तिचा उकिरडा करावा म्हणून?" सगळं चर्च "आमेन!" माझा आवाज सगळ्यात मोठा.

बाहेर पडताना चर्चमधली मैत्रीण सिस्टर व्हर्लीन हिने कोपर मारलं. "मंगळवारी नगरपालिकेची सभा आहे. नुसतं आमेन काय म्हणतेस, बाई? जाऊन नाव घेऊन सांग."

सांगते. घाबरते का कुणाला!

मंगळवार, १६ सप्टेंबर

सांगून आले.

गेले होते खरं तर टायरबद्दल बोलायला. कागदावर लिहून नेलं होतं. पण नगरसेवक डुप्री — आपलाच माणूस, याच रस्त्यावर लहानाचा मोठा झालेला, आता रुळांपलीकडे राहतो — तो आधीच म्हणाला, "बजेट नाही. मोकळ्या जागेचा मालक कोण, याचाच पत्ता नाही. पण मला सांगा, माझ्या बंधू-भगिनींनो, आपण आपल्या सवयी कधी बदलणार?" टाळ्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला लिहू?

मग माइक माझ्याकडे आला. टायरचं एक वाक्य बोलले असेन. तो मध्येच म्हणाला, "सिस्टर पेटवे, उघड बोला. तुमच्या रस्त्यावर कोणत्या घराचा त्रास आहे?"

सगळ्या माना माझ्याकडे. आणि मी बोलले. पिवळं घर. पिशव्या. डायपर. झुरीचा कागदसुद्धा सांगितला! लोक माना डोलावत होते. म्हणाले, हिंमत आहे बाईची.

घरी ताठ मानेने आले. डायपर तिचाच, हे मला कुठे माहीत आहे? धाकटी तर सहा वर्षांची आहे. पण आता झोपते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला! इतकी वर्षं फोन केले, कुणी फिरकलं नाही, आणि आता तीन दिवसांत हजर. गोरा, घामेजलेला, गळ्यात कॅमेरा. पिवळ्या घराचे फोटो काढले — पिशव्या, पायरी, मोडकी सायकल.

मी रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, "आता कोपऱ्यावर चला. टायर दाखवते."

"त्या जागेची तक्रार माझ्याकडे नाही, मॅडम."

"मी केलीय! कितीदा तरी!"

"माझ्याकडे फक्त या घराची आहे."

दारावर नोटिशीचा कागद चिकटवून गेला. कोपऱ्यावरून जाताना गाडीची काचही खाली केली नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

पिवळ्या घरासमोरच्या पिशव्या गेल्या. पायरी धुतलेली. बघा! बोलल्याशिवाय कुणी हलत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

केनयेटा सकाळी पोरांना बसपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग." ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. राग आला असेल. येऊ दे. पायरी तर स्वच्छ झाली!

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

दुपारची फेरी. टॉलिव्हरच्या वळणावर आले आणि रस्त्याच्या कडेला ढीग दिसला. आधी मनात शिवीच आली — आता दिवसाढवळ्या घरांसमोरही टाकायला लागले! मग पलंग दिसला. कपाट, आडवं पाडलेलं, कपडे बाहेर आलेले. टोस्टर. शाळेचं दप्तर. घर रिकामं करवून घ्यायला आलेला शेरीफचा माणूस गाडीला टेकून उभा, आणि दोघे जण पिवळ्या घरातून आणखी आणून आणून टाकताहेत. आपटताहेत! कप फुटल्याचा आवाज बसच्या आत आला.

मागून झुरी म्हणाली, "मिस ओरेथा, ती माझी गादी आहे."

किंचाळली नाही. रडली नाही. नुसतं सांगितलं.

बस थांबायची जागा तीच. मी थांबवली नाही. पुढे नेली. कुठे चाललेय ते मलाच कळत नव्हतं. बाकीची पोरं सोडली, या तिघांना सोडेना. थोरला म्हणाला, "आमचं घर मागे गेलं." म्हटलं, माहीत आहे, बाळा, गप्प बस. चर्चच्या मैदानात गाडी लावली आणि सीफसला फोन केला. म्हटलं, ट्रक घेऊन ये, आत्ताच्या आत्ता, काही विचारू नकोस.

सीफसच्या ट्रकमधून परत आलो, पोरांना माझ्या घरात बसवलं, बघते तर ढिगाभोवती माणसं. आपलीच माणसं! ओळखीची! कुणी पंखा उचलतंय, कुणी चादरी चाचपून बघतंय. "रस्त्यावर टाकलंय म्हणजे टाकलंयच ना!" — हे मला तोंड वर करून सांगतात! मी शिव्या घातल्या. ॲल्विनने ऐकल्या असत्या तर कबरीत कूस बदलली असती. सीफस आणि मी उचलून उचलून माझ्या ओट्यावर आणत होतो. तेवढ्यात एक गाडी आली, हळू झाली, खिडकीतून खाण्याचा कागदी पुडा आला — थेट झुरीच्या गादीवर. गाडी निघून गेली. त्यांना ते घर दिसलंच नाही. कचरा दिसला.

मला तरी काय दिसलं होतं, मागच्या महिन्यात?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काल संध्याकाळी केनयेटा कामावरून सरळ माझ्या दारात. कारखान्याचे रबरी बूट पायात, केसांवर जाळी तशीच. कारखान्यात फोन बाहेर ठेवावे लागतात. सुटल्यावर निरोप मिळाला.

पोरं आत मक्याची भाकरी आणि बीन्स खात होती. आधी तिने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. मग ओट्यावर आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सभेत माइक हातात घेऊन माझं घर सांगितलंत."

मी खुर्ची पुढे केली. बसली नाही.

"मी कामावर होते. तुम्ही समोर राहता, मिस ओरेथा. रस्ता ओलांडून दार वाजवता आलं नसतं?"

म्हटलं, "केनयेटा, अगं पिशव्या किती दिवस—"

"कचऱ्याची टाकी नाही आम्हाला! घरमालकाने सही केल्याशिवाय नगरपालिका चाकांची टाकी देत नाही. टाकी नाही तर गाडी पिशवी उचलत नाही. मालक कोण, तर कुठली कंपनी, दुसऱ्या राज्यात. किती फोन केले! मग नोटीस लागली. पिशव्या गाडीत घालून कारखान्याच्या कचऱ्यात टाकायला लागले चोरून. पण कंपनीला तेवढंच हवं होतं. भाडेकरूने घाण केली म्हणून करार रद्द." श्वास घेतला तिने. "पोरं कागद टाकतात. हो, टाकतात. त्याबद्दल मला शिव्या घाला, मी ऐकेन. पण घर?"

"इथेच राहा," मी म्हटलं. "दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"तुमच्या घरात?" हसली. असं हसणं परमेश्वराने पुन्हा कानावर घालू नये.

गावापलीकडे मावसबहिणीकडे गेली, पोरांना घेऊन. सामान तेवढं ओट्यावर राहू दे म्हणाली. विनंती नव्हती ती.

सीफस एवढा वेळ पायरीवर होता. एरवी बोलल्याशिवाय राहत नाही. गप्प बसला. मला त्याचाही राग आला. बोल ना! म्हण ना, सांगत होतो म्हणून!

रविवार, १२ ऑक्टोबर

चर्चनंतर व्हर्लीनकडे कॉफी. तिच्या खिडकीत काचेचा निळा दिवा. केनयेटाच्या बैठकीत असायचा, माझ्या ओट्यावरून दिसायचा.

"कुठून आणलास?"

"रस्त्यावर पडला होता गं. कुणीतरी नेलाच असता."

उठले, भिंतीतला प्लग उपटला, दिवा काखेत मारला. व्हर्लीन मागे मागे — "अगं, वेड लागलं का? तुझ्यामुळेच तर गेली ती!"

हो. माझ्यामुळे. रेव्हरंडांमुळे, डुप्रीमुळे, टाळ्या वाजवणाऱ्या तुम्हा सगळ्यांमुळे. सगळं फाटकात उभं राहून ओरडले. रविवारची हॅट डोक्यावर, काखेत दिवा. बघू दे रस्त्याला!

घरी येऊन खराटा घेतला आणि केनयेटाच्या दारासमोरचं झाडलं. रिकामं घर. फुटलेल्या कपाचे तुकडे अजून होते. झाडताना विचार केला — खराटा हातात घेणं चूक नव्हतं. अजूनही नाही. कागद टाकणाऱ्याचा हात मी अजून पकडेन. पण झुरीने विचारलं होतं, कुठे टाकू. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी तिलाच उद्धट ठरवलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

केनयेटा कपडे न्यायला आली. दिवा हातात दिला. घेतला. "थँक यू, मॅडम" म्हणाली. मिस ओरेथा नाही. मॅडम.

सोमवार, २० ऑक्टोबर

हे बसमध्ये बसून लिहितेय. बस रिकामी आहे. शाळा आज अर्धा दिवस, म्हणून पोरं लवकर सोडली आणि लवकर परतले. पिवळ्या घराचं छप्पर उतरवत होते. ट्रक भरला, माझ्यासमोरून निघाला, कोपऱ्यावर वळला आणि सरळ मोकळ्या जागेत शिरून मागचा फाळका उघडला. भर दुपारी! मी बस त्या जागेच्या तोंडावर आडवी लावली. किल्ली खिशात. ट्रक आत, मी बाहेर. इतका वेळ हॉर्न वाजवत होता, आता खिडकीवर थापा मारतोय. लोक ओट्यांवर आलेत. सीफस रस्त्याच्या मधून चालत येतोय. शाळा मला कामावरून काढेल. काढू दे.

"बाई, बस हलवा! आम्हाला इथेच टाकायला सांगितलंय!"

काच खाली केली. म्हटलं, "कुणी?"

"घराच्या मालकाने. कंपनीने."

"नाव?"

सांगितलं.

म्हटलं, "पुन्हा सांग. मोठ्याने. त्या ओट्यांपर्यंत ऐकू जाऊ दे."