नातीचा हात पोहोचेल तिथपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका आणि तलावावरच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबात नवशिक्यांना शिकवणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मी घाबरलेली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तेव्हा अक्षर हलले आहे म्हणून कोणा वकिलाने अकलेचे तारे तोडू नयेत.

उद्या सकाळी मी क्लबची नवी होडी, स्वतः आत बसून, मुद्दाम उलटवणार आहे. डॉक्टरांनी मला गार पाण्याची मनाई केली आहे.

हे का, ते नोंदवते. क्लबचा सचिव माझा मुलगा. जुन्या, जाड प्लास्टिकच्या होड्या त्याने मोडीत काढायला घेतल्या. त्या धक्क्यावर आपटल्या, सिमेंटच्या उतारावरून फरफटल्या, मुलांनी दगडांवर चढवल्या, तरी हूं की चूं केले नाही. नव्या होड्या हलक्या आणि चकचकीत. आडव्या पडल्या की बुचासारख्या पाण्यावर उंच तरंगतात. विकणारा हे कौतुकाने सांगतो. पण पडलेली होडी सरळ करायची, तर तिच्या पोटातून निघालेली फळी धरून त्यावर भार टाकावा लागतो. होडी उंच तरंगली की फळीही उंच जाते आणि लहान मुलाचा हात तिथे पोहोचत नाही. तेवढ्यात वारा होडी घेऊन जातो. मूल मागे राहते.

रविवारी त्या होडीत माझी आठ वर्षांची नात बसणार आहे.

मी सभेत म्हटले, आधी कोणीतरी उलटवून पाहा. मुलगा म्हणाला, "आई, कॅटलॉगमध्ये सगळं दिलंय. एवढंच असेल तर तूच बस ना." सगळे हसले. मी म्हटले, बसते. दिलेला शब्द पाळावा हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवले होते. तो परत कसा घ्यावा, ते शिकवले नाही.

कलम १. घर मुलाला. मात्र स्वयंपाकघराच्या दाराची चौकट कोणी रंगवू नये. नातीच्या हाताची लांबी, खांद्यापासून बोटांपर्यंत, तिथे पेन्सिलीने आखली आहे. उद्या मी माझे कोपर वाकवून दोरीने बांधणार, म्हणजे माझा हात तेवढाच राहील. माझा पुरा हात फळीला पोहोचेल हे मला ठाऊक आहे. पण मग ती माझी परीक्षा होईल, होडीची नाही.

कलम २. बँकेतली ठेव क्लबला, एका अटीवर. नवशिक्यांसाठी होड्या घ्याव्यात त्या साच्यात घडवलेल्या जाड प्लास्टिकच्या, रुंद तळाच्या, पडल्यावर पाण्यात खाली बसणाऱ्या. डोलकाठीच्या टोकाला फुगा असावा, म्हणजे होडी पुरती पालथी होत नाही. सुटे भाग मिळतात का ते आधी विचारावे, रंग नंतर. अट मान्य नसेल तर ठेव मांजरांच्या दवाखान्याला. मला मांजरे आवडत नाहीत, यावरून राग ओळखावा.

कलम ३. शीड शिवायच्या सुया आणि जाड कापडातून सुई रेटताना तळहातावर चढवायचा चामडी पंजा सुनेला. तिची शिलाई माझ्यापेक्षा बारीक आहे. हे तोंडावर सांगितले असते तर ती डोक्यावर बसली असती.

कलम ४. क्लबच्या अध्यक्षांना, जे सर्वांत मोठ्याने हसले, माझा रेनकोट. उद्या ते धक्क्यावर कोरडे उभे असतील, तसेच राहोत.

कलम ५. माझी जुनी होडी 'म्हैस' नातीला. म्हशीला कोणी देखणी म्हटलेले नाही. तिने कोणाला सोडून दिलेलेही नाही.

धाकटी बहीण आणि होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री यांना काहीही नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ही कंजुषी नव्हे, कायदा आहे. बहीण समोर बसून म्हणते आहे, "ताई, नाही म्हणून टाक गं."

"कारण काय सांगू? घाबरले?"

"हो. त्यात काय?"

मी तिला मिस्त्रींना बोलवायला पाठवले आहे.

पुरवणी, सहीच्या आधी. मुलगा आत्ता आला. बहिणीचेच काम हे. त्याने उभ्या उभ्या सगळे वाचले. चौकटीपाशी जाऊन पेन्सिलीच्या खुणेला आपला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "होडीत काही खोट नाही. मीच उतरतो, दाखवतो तुला."

"तुझा हात लांब आहे."

"मग बांध," असे म्हणून त्याने कोपर पुढे केले.

मी नको म्हटले. ऐकले नाही. हट्ट मी कोणत्याही कलमात लिहिला नव्हता, तरी तो त्याला मिळालेला दिसतो. लहानपणी पाण्याखाली गेला की हा डोळे घट्ट मिटून घ्यायचा. अजूनही मिटत असेल.

मला वाटले होते, आपले उतरणे टळले की भीती जाईल. मघाशी नुसते अक्षर हलत होते, आता टेबल हलते आहे. दोरीची गाठ मी स्वतः मारीन, एका झटक्यात सुटणारी.

वारसाला साक्षीदार होता येत नाही, म्हणून मुलाने सही केलेली नाही. मी सही करेपर्यंत त्याने टेबल धरून ठेवले आहे.

सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. धाकटी बहीण (सही). २. मिस्त्री (सही)
स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: होडी उलटवण्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला