लुगड्याच्या तुकड्यातल्या लाल-काळ्या गोळ्या

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी आज तुम्हाला पत्रच लिहिते आहे. सासूसमोर सुनेनं फार बोलू नये, ही शिकवण तुमचीच. कागदावर तरी बोलू द्या! तुमची नात, आपली मनीषा, नगरच्या दवाखान्यात माझ्यासमोर खाटेवर पडली आहे. सातवा महिना चालू आहे. लघवीला जळजळ, कमरेत कळा आणि हुडहुडी भरून ताप. तुम्हाला झालं होतं तेच. अगदी तेच!

बाळंतपणाला म्हणून ती केडगावला, आमच्या आताच्या घरी आली आणि चारच दिवसांत तापली. दवाखान्यात आणण्यासाठी तिची पिशवी भरत होते, तर तळाशी एक पुरचुंडी हाताला लागली. तुमच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, तुम्हीच तिला कधीतरी दिलेला. आत लाल-काळ्या कॅप्सूल. सासरी जळजळ सुरू झाली तेव्हा पोरीनं त्यातल्या दोन घेतल्या होत्या. जरा बरं वाटलं, म्हणून उरलेल्या परत बांधून ठेवल्या. ती पुरचुंडी मी कनवटीला लावली.

आठवतं ना? दसरा झाला की पाथर्डीकडच्या आपल्या गावातून टोळ्या ऊसतोडीला निघायच्या. कुणी श्रीगोंद्याला, कुणी त्याहून लांब. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं चढायची आणि तुम्ही वेशीत उभ्या राहून एकेकीच्या हातात अशी पुरचुंडी कोंबायचात. “फडात कुठला आलाय डाक्टर? ताप आला तर दोन घे. उतरला की बाकीच्या ठिव, दुसरीला हुतील.”

बाया हसायच्या. “आमची डाक्टरीणआजी!”

“डाक्टर पैकं घेतो गं,” तुम्ही फणकारायचात, “मी नुसत्या शिव्या देते!”

त्या गोळ्या यायच्या कुठून? तुमच्याच तोंडातून काढलेल्या! तुम्हाला लघवीचा त्रास वरचेवर व्हायचा. डॉक्टर आठवड्याचं औषध द्यायचे आणि तुम्ही दोन दिवस घेऊन थांबायचात. “आत्याबाई, डॉक्टरांनी सगळ्या घ्यायला सांगितल्यात,” मी म्हणायचे. “ताप उतरला न्हवं? मग पोट भरल्यावर परत जेवू का काय? ऱ्हाऊ दे. सखूला तोडीवर जाताना उपेगी पडतील.” मलाही ते पुण्याचंच काम वाटायचं.

मग तो शेवटचा आजार. गोळ्या बदलल्या, सुया बदलल्या, ताप हटेना. डॉक्टरांनी आम्हा दोघा नवराबायकोला बाजूला बोलावलं. “हे आतड्यात राहणारे जंतू, ग्राम-निगेटिव्ह जातीचे. लघवीच्या मार्गात शिरले आणि आता रक्तात गेलेत. यांना अंगावर एक जास्तीचं कवच असतं, औषध आत शिरायलाच अवघड. त्यात दर वेळी अर्धवट औषध. कच्चे होते ते मेले, चिवट होते ते उरले आणि तेच वाढले. आता आमच्याजवळची औषधं त्यांना जुमानत नाहीत.”

मी परत आले, तर तुम्ही माझा पदर ओढलात. “काय म्हनतोय गं त्यो?”

“बरं वाटेल म्हणतात,” मी म्हणाले. दुसरं काय सांगायचं होतं? तुमचं देणंच तुमच्या जिवावर उठलं, हे जाणाऱ्या माणसाला कुणी कसं सांगावं? गावालाही आम्ही म्हातारपणानं गेल्या असंच सांगितलं. मनीषालाही तेच. तुमचं नाव जपायला गेलो आणि तुमची पुरचुंडी तशीच पोरीच्या पिशवीत राहिली.

मनीषाची लघवी तपासायला गेली. जंतू वाढायला वेळ लागतो, म्हणून वाट बघायची. आत्याबाई, ती वाट तुमच्या वैऱ्यालाही नको! सारखा तिच्या पोटावर हात ठेवत होते. बाळ हललं की माझा श्वास सुटायचा.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासणीची काचेची बशीच आणून दाखवली. दुधावर साय धरावी तसे जंतू पसरलेले, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या. ज्या टिकलीभोवती जंतू मरून मोकळं रिंगण पडतं, ते औषध चालतं. लाल-काळ्या गोळीच्या टिकलीला जंतू पार खेटून बसले होते! शेजारच्या टिकलीलाही तेच. पोटुशीला देता येईल अशा औषधांपैकी रिंगण एकाच टिकलीभोवती होतं.

“एकच?” मी विचारलं.

“एक तरी आहे, बाई,” त्या म्हणाल्या.

ती इंजेक्शनं सुरू झाली. आज सकाळी ताप उतरला, पोरीनं वाटीभर पेज घेतली. मी देवाला हात जोडणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आई, आता बरं वाटतंय गं. बाकीची इंजेक्शनं कशाला टोचून घेऊ? ठेवू या, कुणाच्या तरी कामी येतील.”

तुमचाच आवाज, आत्याबाई! तापाला भ्याले नसेन एवढी मी त्या वाक्याला भ्याले.

मग मी तिला सगळं सांगितलं. पुरचुंडी तिच्या पुढ्यात ठेवूनच. ती बराच वेळ त्या हिरव्या तुकड्यावरून बोट फिरवत राहिली. “म्हणजे आजी आम्हाला देता देता गेली?” “होय गं,” मी म्हणाले. दुपारी नर्स आली, तर हिनं आपणहून दंड पुढे केला. “काय गं, सकाळी टोचताना तर रडत होतीस!” नर्स म्हणाली.

माझी भीती गेलेली नाही. रिंगण एकच आहे. उद्या तेही मिटलं तर? आणि तुमच्या अशा किती पुरचुंड्या अजून कुणाकुणाच्या ट्रंकेत असतील! तुम्ही एकदा तरी सगळ्या गोळ्या संपवायच्या होत्या हो. एकदा तरी स्वतःपुरतं बघायचं होतं!

पण तुम्हाला शब्द देते. शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत मी मनीषाला घरी नेणार नाही, कितीही बरी दिसली तरी. आणि येत्या दसऱ्याला गावी जाऊन तुमच्या जागी वेशीत मी उभी राहीन. बायांकडून जुन्या पुरचुंड्या मागून घेईन. त्यांना रिकाम्या हातानं नाही जाऊ देणार. जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पुड्या देईन, आणि वर तुमच्याच शिव्या: “डाक्टरनं दिलेल्या सगळ्या गोळ्या गिळायच्या, भवाने! एक जरी मागं ठिवलीस तर बघ!”

लुगड्याचा हिरवा तुकडा मी जपून ठेवला आहे. बाळ आलं की त्याच्या गोधडीला पहिला तुकडा तोच जोडीन.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमच्याविना अडलेली,
तुमची सून
शालन