रिफ्यूज आणि डिनाय

प्रिय मॉली,

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तुझ्या लेकीच्या दातदुखीची चौकशी करून फोन ठेवून दिला. म्हणून शेवटी कागद घेतला. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. म्हाताऱ्या अम्मच्चीचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि यंदा परसातला कप्पाकंद इतका छान झालाय की तुझी आठवण काढल्याशिवाय एकही फोड तोंडात गेली नाही.

परदेशी नर्सच्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा आपटले हे तुला माहीत आहे. बोलणं जमतं, लिहिताना पाय घसरतो. म्हणून आता बोटधक्क्याजवळच्या वर्की मास्तरांच्या शिकवणीला जाते. माझं वय बेचाळीस, बाकीच्या पोरी पंचविशीतल्या. मास्तर सारख्याच अर्थाच्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या घेतात. म्हणतात, "हे जुळे भाऊ आहेत. आईला ओळखू येतात, पाहुणा फसतो. तुम्ही सगळ्या पाहुण्या!" रॉब म्हणजे लुटणं, ते माणसाला; स्टील म्हणजे चोरणं, ते वस्तूचं. "कोळ्याला लुटलं तर रॉब, त्याचा करीमीन पळवला तर स्टील, आणि तळून मला आणून दिला तर माफ," असं म्हणून स्वतःच हसतात.

गेल्या महिन्यात जोडी होती रिफ्यूज आणि डिनाय. आपल्या बोलीत दोन्हींना नाकारणंच म्हणतात. मास्तरांनी फोड करून सांगितली: माणूस स्वतः नको म्हणतो ते रिफ्यूज, त्याला जे मिळायला हवं ते दुसराच कुणी देत नाही, ते डिनाय. मग एकेकीला वाक्य करायला लावलं. मागच्या बाकावर रेजिना म्हणून एक मुलगी बसते, परदेशात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला जायचंय तिला. ती उठली आणि इंग्रजीत म्हणाली, माझ्या वडिलांनी औषध रिफ्यूज केलं. मास्तर म्हणाले, "शाबास. अगदी अचूक."

सुटल्यावर मी तिला सहज विचारलं, वडील कोण गं तुझे? "अविराच्चन," ती म्हणाली, "काथ्या वाहायची होडी होती त्यांची. तुमच्याच दवाखान्यात गेले, चेची. पाच वर्षं झाली."

मॉली, नऊ नंबरची खाट. न्यूमोनिया. दुपारी दोनचं आणि संध्याकाळी सहाचं इंजेक्शन तुझ्याकडे होतं. दीड वाजता बस कालव्यात उलटली, एकोणीस माणसं एकदम आली, आणि त्यानंतर आपल्यापैकी कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. आठ वाजता चार्ट भरताना दोन्ही रकाने रिकामे दिसले. तू म्हणालीस, "एल्सम्मा, रिफ्यूज्ड लिही. आता कोण विचारतंय?" मी लिहिलं. अक्षर माझं, सही माझी. पहाटे म्हातारा गेला. तसाही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले होते आणि मी ते घट्ट धरून बसले होते.

मला वाटत होतं, आपण नुसते दोन रकाने भरले. रेजिनानं बस उलटली त्याच्या आदल्या दिवशी त्यांची होडी विकली होती, त्यांना न विचारता. त्यावरून खाटेशेजारीच भांडण झालं आणि ती ओरडली होती, "एकदाचं मला सुखानं जगू द्या!" ते गेल्यावर तिला कुणीतरी चार्ट दाखवला. पोरगी पाच वर्षं असं समजून जगतेय की बाप तिच्यावर रुसून औषधाला नाही म्हणाला आणि मेला. अजून ती त्यांच्या थडग्यावर गेलेली नाही. हे तिनं मला बोटीची वाट बघताना सांगितलं, शेंगदाणे सोलत, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट.

मी आठ दिवस शिकवणीला गेले नाही. नवव्या दिवशी गेले आणि त्याच धक्क्यावर तिला सगळं सांगितलं. तुझं नाव सोडून सगळं. ती रडेल, हात उगारेल, अशी तयारी ठेवली होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे माझे अप्पच्चन नको म्हणाले नव्हते?" मी म्हटलं, "त्यांना कुणी विचारलंच नाही." तिनं दोन बोटी जाऊ दिल्या. तिसरी लागली तेव्हा उठली आणि म्हणाली, "चेची, हे तोंडी नको. लिहून द्या."

मी देणार आहे. मेट्रनना, आणि नर्सिंग कौन्सिललाही. माझं पहिलं इंग्रजी पत्र असेल ज्यातला प्रत्येक शब्द मी निवडून घातलाय. मास्तरांनी फक्त स्पेलिंग तपासलं. कौन्सिलकडून सचोटीचा दाखला आता मिळेल असं वाटत नाही, म्हणजे परदेशही गेलंच. नवऱ्याला हे सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मग इथलंच घर शाकारून घेऊ."

पण त्या पत्रात त्या दिवशी इंजेक्शनं कुणाकडे होती हे लिहावं लागतं, आणि तिथे तुझं नाव आहे. ते मी खोडणार नाही, मॉली. तुझी परवानगी मागत नाही, तुला सांगतेय, कारण हे परक्या माणसाच्या टपालानं तुला कळू नये. एकोणीस माणसं होती, आपण दोघीच होतो, हेही मी ठळक लिहिलंय. तुझ्या परदेशातल्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. तरीही वीस तारखेला सकाळी दहा वाजता रेजिनाला घेऊन मी मेट्रनच्या टेबलासमोर उभी राहणार. तोवर तुझं पत्र आलं तर माझ्या पत्रासोबत घेऊन जाईन. मेट्रनना लिहू नकोस. रेजिनाला लिही.

कधीही, काहीही झालं तरी तुझीच,
एल्सम्मा