आईसाठी बारीक अक्षरात

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. हॉटेलच्या लाँड्रीतल्या कामावर आता हात बसलाय. आज मात्र दोन चादरींच्या घड्या उलट्या पडल्या. तुमचा फोन आल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. “पट्टी सुटली, सगळं उत्तम, आई झोपलीय,” म्हणालात आणि फोन ठेवलात. आई दिवसाढवळ्या कधीपासून झोपायला लागली? तिचा तो एकच तर चालता डोळा, आणि ऑपरेशनही त्याचंच. थेंब वेळेवर घालता ना?

खोलीवर येऊनही बूड टेकेना. हाताला चाळा हवा म्हणून जेवायला गरम सँडविच केलं. त्यात टर्कीच्या चकत्या (टर्की म्हणजे कोंबडीची थोरली जाऊच!) आणि बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या पट्ट्या. सवयीने आधी पळीभर तेल ओतलं. बेकनला स्वतःचीच चरबी सुटते, हे मला कोण सांगणार? तव्यावर नुसता तडतडाट! पाव मस्त कुरकुरीत झाला, पण दोन घासांपुढे घशाखाली उतरेना.

आईला वाटतं, मी इथे चीज-पाव खाऊन राहते. खरं फक्त तुम्हालाच ठाऊक.

म्हणून बाबा, हे पत्र तिला वाचून दाखवू नका. मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय. नुसतं तिच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. तिने फोन करून त्या डुकरावरून मला फैलावर घेतलं, की मी पोटभर जेवेन.

तुमचीच,
भिंगरी