धक्का बसला तेव्हा मान सरळच होती

४ मार्च, मंगळवार
सिग्नलला उभे असताना मागून टेम्पो आदळला. बायको शेजारी, सासूबाई मागच्या सीटवर. दोघी धडधाकट. माझा तर प्रश्नच नाही. टकरीत मणक्याचं काय होतं, हा माझा रोजचा धंदा. प्रयोगशाळेत पुतळे बसवून गाड्या भिंतीवर आपटतो. शरीराने आपोआप योग्य पोझिशन घेतली असणार. मान सरळच होती. जवळजवळ.

५ मार्च
मान धरली आहे. झोपायच्या उशीचा दोष. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. तिला समजावलं: मागून धक्का बसला की धड पुढे जातं, डोकं मागे राहतं, पण डोकं सीटच्या हेडरेस्टला टेकलेलं असलं की मान वाचते. ती म्हणाली, तुमचं डोकं तिथे होतंच कुठे? विषय बदलला.

६ मार्च, सकाळी
रिव्हर्स घेताना मागे बघता येईना. गाडी खांबाला लागली. खांब नवीन असावा.

८ मार्च
उजव्या हाताला मुंग्या. संकल्प: मोबाइल कमी.
संध्याकाळी हातातून कप निसटला. हल्ली कप फार गुळगुळीत करतात. बायको एरवी बोलली असती. आज सरळ गाडीची किल्ली उचलली.

८ मार्च, हॉस्पिटल
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, धक्का बसला तेव्हा मान कशी होती? म्हटलं, सरळ. त्या म्हणाल्या, नीट आठवा, वळलेल्या मानेला तोच धक्का फार जास्त लागतो. हे वाक्य मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये म्हणतो. मी छताकडे बघायला लागलो.
सोबत आलेल्या सासूबाईंनी सांगून टाकलं. म्हणे, जावई पूर्ण मागे वळून मला सीटला टेकून कसं बसायचं ते शिकवत होते. मी ऐकलं, म्हणून वाचले.
एमआरआय. मशीनमध्ये घाबरलो नाही. डोळे मिटले ते विश्रांती म्हणून. बायकोचा हात धरला, कारण तिला भीती वाटत होती.

१० मार्च
रिपोर्ट: हाड शाबूत, मानेतली गादी सरकून नस दबली आहे. ऑपरेशन नको. गोळ्या, व्यायाम. चार दिवसांत ठणठणीत होऊन दाखवतो.

१४ मार्च
मान वर-खाली उत्तम हलते. बाजूला वळत नाही. रात्री जेवणानंतर बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, यापुढे गाडी मी चालवणार, तुम्ही मागे आईशेजारी गप्प बसणार, कबूल? तोंडात गोळी आणि पाणी. बोलता येईना. ठामपणे नकारार्थी मान हलवली.
वर-खाली हलली.
सासूबाई म्हणाल्या, किती समजूतदार झालेत.