पहिली कळशी सॅन्ड्राची

मी, बस्त्याव इनास घोन्साल्विस, वय एक्क्याऐंशी, मूळ गाव गिरीज, तालुका वसई, सध्या मुक्काम मुलगा लिओनार्ड याच्या घरी, क्वेकर्स हिल, सिडनी, धंदा सुतारकाम (आता बंद), देवाला स्मरून, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. शिक्षण पाचवीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. आनंद आहे, आणि थोडी भीतीही.

मंगळवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. लिओनार्ड म्हणतो, "पप्पा, रूटीन आहे, नो वरीज." तो काळजी करत नाही म्हणून मला करावी लागते. त्याच्या पुढच्याच शनिवारी नात शेरिलचं लग्न आहे. मी असेन की नाही, देव जाणे. पण उंबराचं पाणी आलंच पाहिजे. म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी बायकांनी वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि त्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालायचं. आमच्यात त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही.

१. घर लिओनार्डचंच आहे, तेव्हा ते मी त्याला देऊ शकत नाही. गॅरेजमधले माझे रंधे, पटाश्या आणि करवती त्याला. गंजू देऊ नये. देणार, मला माहीत आहे.

२. माझं वाजवायचं घुमट शेरिलच्या होणाऱ्या नवऱ्याला, ट्रेव्हरला. मडक्याच्या तोंडावरचं घोरपडीचं कातडं विमानतळावर काढून घेतलं होतं आणि नुसतं मडकं माझ्या हातात दिलं होतं. ट्रेव्हरने त्यावर कांगारूचं कातडं ताणून बसवलं. पहिली थाप मारली तेव्हा मी भर गॅरेजात नाचलो. छातीत दुखलं, ते कोणाला सांगितलं नाही. आता कळेलच.

३. माझी मेहुणी लूसी हिच्याबद्दल. ट्रेव्हरचा फोटो पाहून तिने सगळ्या पॅरिशला सांगितलं की शेरिलने गोरा मुलगा पटकावला. मग रविवारी तो जेवायला आला, सोबत त्याला वाढवणारी त्याची आत्या सॅन्ड्रा. तो म्हणाला, "नो आंटी, मी ब्लॅकफेला आहे. अ‍ॅबोरिजिनल, इथला मूळ रहिवासी." लूसीचा चमचा हवेतच राहिला.

"मग एवढा उजळ कसा?"

सॅन्ड्राने माझ्याकडे बोट केलं. "आणि हे एवढे काळे कसे? आधी यांची चौकशी करा, डार्ल!"

मी इतका हसलो की सोरपोतेलाचा रस्सा नाकात गेला. लहानपणी मला घरी-दारी काळू म्हणत. माझं लग्न ठरताना मुलीकडच्यांनी, म्हणजे लूसीच्याच घरच्यांनी, माझा फोटो उजेडात धरून पाहिला होता. लूसी तेव्हा तिथेच होती, हे मी विसरलेलो नाही. त्या रविवारपासून ती म्हणते, "उंबराचं पाणी राहू द्या भावोजी, त्या लोकांना काय कळणार?"

४. म्हणून कळावं यासाठी लिहितो. ब्लॅकटाउन हे नाव मी इतकी वर्षं फक्त स्टेशन म्हणून घेत आलो. तिथे एकेकाळी काळ्या लोकांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची संस्था होती. नाव तिथल्या काळ्या लोकांच्या वस्तीवरून पडलं. सॅन्ड्राच्या आजीलाही, फार नंतर, दुसऱ्या ठिकाणी, असंच उचलून नेलं होतं आणि नाव बदलून दिलं होतं. आमचीही नावं पूर्वी पोर्तुगीज पाद्र्यांनी बदलली. पण आमची मुलं आमच्याजवळ राहिली. ती बरोबरी मी करणार नाही. आता ब्लॅकटाउनची ती जमीन त्यांच्या लोकांच्या हातात परत आली आहे. ट्रेव्हरने मला तिथे नेलं तेव्हा मुलं नाचत होती, धूळ उडत होती, आणि सॅन्ड्रा हसता हसता डोळे पुसत होती. मीही पुसले. धूळ होती.

५. क्वेकर्स हिलमध्ये विहीर नाही. लूसी म्हणाली, "केलंच, तर बागेतल्या नळाचं घ्या." सॅन्ड्रा मला ओढ्यावर घेऊन गेली. वाकून आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग माझं. म्हणाली, "आमच्या घरची रीत. कोण आलंय ते पाण्याला कळायला नको?" माझी आई आमच्या विहिरीला असंच सांगायची, "मी आलेय गो, इनासची बायको." हे आठवून मी तिथेच ओल्या दगडावर बसलो. तेव्हा पाणी त्या ओढ्याचंच यावं. पहिली कळशी सॅन्ड्राने उचलावी, दुसरी लूसीने. लूसी नाही म्हणाली तर सगळं लंगडं होईल. माझी बायको एमिलिया गेल्यापासून आमच्यात उंबराच्या पाण्याची गाणी येणारी तीच एक उरली आहे. मला खरी काळजी एवढीच आहे.

६. एमिलियाचं लग्नातलं लाल लुगडं लूसीला. तिचा जीव त्यावर आहे. एमिलिया तिची बहीण होती.

७. गिरीजच्या विहिरीत माझा चौथा हिस्सा आहे. तो शेरिल आणि ट्रेव्हरला जी मुलं होतील त्यांना. ती काळी होवोत, गोरी होवोत, दोन देशांत त्यांचं स्वतःचं पाणी असावं. ते कोणी हिरावून घेऊ नये. विहिरीवर गेल्यावर नाव सांगावं.

८. हे कलम आत्ताच घालतो आहे. साक्षीच्या सहीसाठी शेजारी भास्कर आला आणि मागोमाग लूसी डबा घेऊन आली. कागद ओढून तिने सगळं वाचलं. तिसरं कलम दोनदा.

"तुमच्या फोटोचं अजून धरून बसलात?"

"बसलोय."

तिने कागद टेबलावर सपाट केला. मग भास्करला म्हणाली, "साक्षीला दोघं लागतात ना? पेन द्या."

भास्कर म्हणाला, "मावशी, इथल्या कायद्यात साक्षीदाराला वाटा मिळत नाही. लुगडं जाईल."

"जाऊ दे. त्या सॅन्ड्राला नेसवायला हवंच ना काहीतरी? जीन्स घालून कळशी उचलणार आहे का ती?" आणि माझ्याकडे न बघता, "निऱ्या मी घालीन. गाणंही शिकवीन. ओढ्याला माझं नाव सांगायला सांगा तिला."

म्हणून कलम सहा रद्द. लुगडं सॅन्ड्राला.

आता मला मंगळवारची भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण शुक्रवारची घाई जास्त झाली आहे.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही:
बस्त्याव इनास घोन्साल्विस

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली:
१. भास्कर, शेजारी
२. लूसी, मेहुणी. दुसरी कळशी माझी.

क्वेकर्स हिल, रविवार, चर्चमधल्या मिस्सेनंतर, १२ ऑक्टोबर २०२५