डावीकडची वायर

ता. १८ नोव्हेंबर

ती. बाबांना नमस्कार.

मी सुखरूप पोचले. फोनवर बोलताना तुम्हाला धाप लागते, म्हणून पत्र. अक्षर मोठं काढलंय, चष्म्यासाठी आईला हाका मारायला नकोत. हाक हल्ली स्वयंपाकघरापर्यंतही जात नाही म्हणा. हे गमतीत लिहून गेले, पण खोडत नाही.

नववीच्या वर्गात तुमचा प्रश्न टाकला: शरीरात एवढं वायरिंग, आणि वायरमनच नाही? पोरं सगळी तुमच्या बाजूची निघाली.

जुलैतला आपला वाद आठवतो? तुमच्या वायरिंगच्या सामानातल्या स्विचच्या खोक्यावर मी चित्र काढलं होतं. आवाजाची नस डोक्यातून निघते, गळा वीतभर अंतरावर. पण डावी नस आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. माशांत ती सरळ होती. पुढे उत्क्रांतीत मान लांबली, हृदय खाली गेलं, नस अडकली. मी ऐटीत विचारलं, असं काम कोणी मुद्दाम करेल का?

तुम्ही म्हणालात, "जुन्या घराला मागून खोल्या काढल्या की वायर अशीच फिरते, मास्तरीणबाई. म्हणून घर कोणी बांधलंच नाही का?"

आणि हसलात. हसू मध्येच चिरकलं. मी म्हटलं, सिगारेट कमी करा, आणि पुन्हा माझ्या माशांकडे वळले.

बाबा, परवा दवाखान्यात तुम्ही बाहेर बाकावर होतात. आवाज कधीपासून बसलाय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तीन आठवडे म्हटलं. चार महिने म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी छातीच्या फोटोवर बोट ठेवलं, नेमकं मी वळसा काढला होता तिथे. तुम्हाला मी सूज म्हणून सांगितलं. सूज नाही, गाठ आहे. नस तिच्याखाली दबली आहे. कसली, ते तुकडा काढून तपासल्यावर कळेल. आज डॉक्टरांना फोन करून खरे महिने सांगितले. सोमवारी भरती व्हायचंय. मी रविवारी येते. आईला आपण दोघं मिळून सांगू.

आराखडा कोणी काढला नव्हता, हे मला अजूनही खरं वाटतं. पण कोणी असता, तर निदान जाब तरी विचारला असता.

ते खोकं माझ्याकडे आहे. त्यावर तुम्ही पेन्सिलने डोक्यापासून गळ्यापर्यंत सरळ रेघ मारून ठेवलीत, ती मला आज दिसली.

उत्तर लिहून ठेवा. या वेळी वाद तुम्ही जिंकलात तरी चालेल.

तुमचा आवाज ऐकूनही न ऐकलेली,
मास्तरीण